सुवार्ता आणि शेजार : वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळ्यांची कथा

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरी हे गाव लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला आणि खंजिरीच्या तालावर साऱ्या वऱ्हाडाला एकत्र बसायला शिकवले. सकाळी ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. वेळेवर यायचे, रांगेने बसायचे, शेजारी कोण बसला आहे याची जात विचारायची नाही, एवढीच काय ती शिस्त. ऐकायला सोपी, पण ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या मांडीला मांडी लावून देवाचे नाव घ्यायचे, ही गोष्ट जुन्या खेड्यात किती अवघड होती, हे ज्याने ते खेडे पाहिले आहे त्यालाच कळेल.

आज मला सांगायचे आहे ते याच मुलखातल्या एका लहानशा समाजाविषयी. मोझरीच्या आश्रमाच्या आधी पन्नास-साठ वर्षे वऱ्हाडातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. माणसे एकत्र बसवायची कशी? आपल्या मनाला जे पटले ते दुसऱ्याला सांगायचे कसे? आणि सांगितल्यावर, ऐकणारा आपल्याकडे आला, तर त्याला सांभाळायचे कोणी? एका परंपरेने दुसरीकडून काही उचलले असे माझे म्हणणे नाही. दोघींच्या पायाखालची जमीन मात्र एकच होती, आणि म्हणून ही कथा वऱ्हाडी माणसाला परकी वाटू नये.

प्रथम थोडे मागे जाऊ. वसईला आणि गोव्याला पोर्तुगीजांबरोबर रोमन कॅथलिक पंथ सोळाव्या शतकातच आला. प्रॉटेस्टंट पंथ मराठी मुलखात आला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो आला छापखान्याच्या वाटेने. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, आणि १८११ साली तेथूनच मराठी नवा करार बाहेर पडला. कॅरींना मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ हे इथलेच. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावर पहिला प्रॉटेस्टंट उपदेशक बोलायला उभा राहण्यापूर्वीच पुस्तकाचे काम सुरू झाले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे अमेरिकन मुंबईच्या बंदरात उतरले ते १२ फेब्रुवारी १८१३ रोजी. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती.

आता असे पाहा, या पहिल्या लोकांनी केले काय? बाजारात उभे राहून भाषणे केली, पत्रके वाटली, शाळा काढल्या. हॉल तर नाशिककडच्या फेरीतच १८२६ साली पटकीने वारले. मेहनत थोडी नव्हती. पण कित्येक वर्षे त्यांच्या मंडळीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मराठी माणसे होती. लोक ऐकायला जमत, वाद घालत, हसत आणि घरी जात. कारण उघड आहे. चव्हाट्यावर उभ्या असलेल्या अनोळखी गोऱ्या माणसाचे बोलणे ऐकून आपली सोयरीक, आपली विहीर आणि आपली स्मशानभूमी सोडायला कोण तयार होईल? शब्द कानावर पडत होते, पण त्या शब्दांना घर नव्हते.

शब्दाला घर मिळाले ते अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. १८३१ साली मिशनने तेथे ठाणे केले. १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघाले. हरिपंत ख्रिस्ती यांच्यासारखे ब्राह्मण आणि खेड्यांतले महार, मांग एकाच मंडळीत आले. सांगायला ही एक ओळ. पण या एका ओळीत केवढी उलथापालथ आहे! प्रभुभोजनाच्या वेळी एकच भाकर आणि एकच प्याला सर्वांच्या हातांतून फिरतो. पंचांगाप्रमाणे सोवळे पाळलेल्या माणसाने तो प्याला ओठाला लावायचा, आणि ज्याने जन्मभर दुरून ओंजळीत पाणी घेतले त्यानेही तोच लावायचा. उपदेशकाने दहा व्याख्याने द्यावीत आणि ती सगळी या एका क्षणी खरी किंवा खोटी ठरावीत, अशी ही कसोटी होती. प्रत्येक वेळी ती पार पडली असे म्हणता येणार नाही. जात देवळाच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. बसण्याच्या जागेत, सोयरिकीत, आडनावाच्या उच्चारात ती पुन्हा आत येते, आणि मंडळ्यांच्या इतिहासात ती आलेली आहे.

बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नुकसानही खरे होते. जात गेली की वडिलोपार्जित वाटाही जायचा. १८५० साली कायदा झाला आणि धर्म बदलल्याने वारसाहक्क बुडणार नाही असे ठरले. पण कायद्याने शेत मिळाले तरी शेजार मिळत नाही. घरात मयत झाली तर खांदा कोण देणार? मुलीला स्थळ कोण आणणार? बाळंतिणीला पाणी कोण तापवून देणार? धर्म सांगणाऱ्याने या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. म्हणून ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसाने जो उचलला तो फार नेमका आहे. आपल्याकडे ‘घरची मंडळी’ म्हणतात, ‘भजनी मंडळी’ म्हणतात. इमारत म्हणजे मंडळी नव्हे. जी माणसे हाकेला येतात ती मंडळी.

बोलण्याची रीतही हळूहळू बदलली. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उचलले. कृष्णराव सांगळे यांचे नाव यात अग्रभागी घेतले जाते. कीर्तन म्हणजे देवळातली गोष्ट, ती आपल्याकडे कशी चालेल, ही शंका आधी होतीच. पण खेड्यातला माणूस अर्धा तास व्याख्यान ऐकत नाही आणि कीर्तनाला रात्रभर बसतो, हे कोणाच्याही लक्षात येण्यासारखे होते. पूर्वरंग आणि उत्तररंग तसेच राहिले, झांज आणि पेटी तशीच राहिली. आख्यान मात्र उधळ्या मुलाचे किंवा भल्या शोमरोन्याचे झाले. श्रोत्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे मोजण्याचे कारण उरले नाही. ज्याला गाणे आवडले तो बसला.

या वाटेवरचा सर्वांत मोठा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा आपल्या विदर्भाशी जवळचा संबंध आहे. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले, आणि त्याने उतरताना नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. पुढे डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळकांचे मन त्या पुस्तकाने धरले. दोन वर्षे विचारात गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला; तोही आग्रहाने एका हिंदी पाळकाच्या, तुकाराम नथोजी यांच्या हातून. या सगळ्यात कोठेही बाजारातले भाषण नाही. एक सहप्रवासी, एक पुस्तक, बराचसा एकांत आणि शेवटी आपल्याच भाषेचा पाळक, एवढेच आहे.

पण कथेची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंची आहे, आणि ती अधिक शिकवणारी आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे त्या हिंदूच राहिल्या. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा काळ जितका मोकळेपणाने लिहिला आहे तितका फार थोड्यांनी लिहिला असेल. टिळकांचे पांडित्य, त्यांचे वाद, त्यांचे कवित्व यांपैकी कशानेही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नाही. ते सुटले ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी, माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही असे स्वतःच्या विचाराने मनात आले तेव्हा. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा एका मनातून दुसऱ्या मनात जाते ती अशी. सांगणारा दारापर्यंत येतो. उंबरठा ज्याचा त्यानेच ओलांडायचा असतो.

टिळकांनी पुढे शेकडो गीते आणि अभंग रचले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या रचना भरपूर आहेत. अकोल्याच्या, अमरावतीच्या देवळात त्या आजही म्हटल्या जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्या प्रत्येकाला तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण एका मिशनच्या नोकरीत असलेल्या माणसाने बोललेला शब्द आणि कोणाचाही पगार न घेता बोललेला शब्द, या दोहोंच्या वजनात फरक असतो, हे त्यांनी ओळखले होते. हा मुद्दा ध्यानात ठेवू या. पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीच आले होते. त्यांची शाळा, त्यांचा भूगर्भशास्त्राचा व्यासंग आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांना माहीत आहे. वऱ्हाडात मात्र मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः १८८० नंतर. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ पर्यंत पुरा झाला होता, कापसाचा व्यापार भरभराटीला आला होता, आणि आगगाडीच्या वाटेवरची गावे हीच मिशनची ठाणी झाली. एकमेकांच्या क्षेत्रात जायचे नाही असा मिशनांचा आपापसांत समझोता होता. म्हणून अकोला-अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन आणि मेळघाटच्या डोंगरात कोरकू मिशन, अशी वाटणी झाली. याचा परिणाम मोठा गमतीचा आहे. अकोल्याचा ख्रिस्ती अलायन्सचा झाला आणि यवतमाळचा मेथडिस्ट झाला, तो काही पंथांचा तुलनात्मक अभ्यास करून नव्हे. ज्याचा तालुका जसा, तसा त्याचा पंथ!

त्यातच दुष्काळ आले. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा दुसरा. या दुसऱ्या दुष्काळाने वऱ्हाडाला फार पिळून काढले. आईबाप गेलेली मुले मिशनच्या अनाथालयांतून वाढली. केडगावला पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त मुली नेल्या, त्या याच काळात. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले आणि मुक्तिसदनातल्या बायकांच्या हातांनीच ते छापवले. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा भाषांतराचे काम त्यांनी हातावेगळे केले होते. अकोल्यास राहिलेल्या जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रीच्या दुःखावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले. मेळघाटच्या पायथ्याशी कोठारा येथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू झाली.

ही सेवा खरी होती, आणि तिच्यामुळे शेकडो जीव वाचले हेही खरे. परंतु तिच्यातून एक अडचण निर्माण झाली. अनाथालयात वाढलेली मुले तेथेच शिकली, तेथेच सुतार, शिक्षक, परिचारिका झाली आणि तेथल्याच मुलींशी त्यांची लग्ने झाली. मिशनच्या आवाराची भिंत त्यांचे गाव झाली. भिंतीच्या आत सोबत होती, भिंतीबाहेर शेजार नव्हता. गावाने त्यांना ‘मिशनची माणसे’ म्हटले आणि त्यांनीही गावाला ‘बाहेरचे लोक’ म्हटले. ज्या धर्माला शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितले आहे त्याच्या माणसांना शेजारीच नसावा, यापरती विसंगती कोणती!

ही भिंत आतून कोणी खिंडारली असेल तर ती साध्या बायकांनी. ‘बायबलबाई’ हा शब्द जुन्या लोकांना आठवत असेल. हातात पिशवी, पिशवीत पुस्तक, आणि वाडीवस्तीतून पायी फिरणे. पुरुष उपदेशकाला जेथे ओसरीवरही जागा नव्हती तेथे ही बाई चुलीपाशी जाऊन बसे. आधी लेकराचा ताप विचारायचा, मग दुखणाईताची चौकशी करायची, अक्षरे शिकायची असतील तर पाटीवर गिरवून द्यायची, आणि कोणी विचारलेच तर देवाचे बोलायचे. पुष्कळशा घरांनी ऐकले आणि धर्म आपलाच ठेवला. ओळख मात्र राहिली. त्या ओळखीला मी फुकट गेलेले काम म्हणणार नाही.

मंडळीच्या आतही नाती बांधण्याच्या रीती ठरत गेल्या. रविवारी उपासना आणि मुलांची शब्बाथशाळा. आठवड्यात एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थना. आज याच्या ओसरीवर, पुढच्या आठवड्यात त्याच्या. तेथे पाळक बोलतो तसा शेतमजूरही बोलतो. ‘साक्ष देणे’ म्हणतात ते हे. कर्जातून कसे सुटलो, दारू कशी सुटली, पोर तापातून कसे उठले, हे आपल्या वऱ्हाडी बोलीत उभे राहून सांगायचे. निरक्षर माणसाला चार लोकांपुढे उभे राहून बोलायची सवय अशा सभांनी लावली. परगावी गेलेल्या माणसाच्या हाती मंडळीचे पत्र असते. ते नव्या गावच्या पाळकाला दिले की त्याला तेथे घर मिळते. बडनेऱ्याला किंवा अकोल्याला गिरणीत कामाला आलेल्या एकट्या तरुणाला त्या कागदाची किंमत काय असेल ती कल्पनेनेच जाणावी.

आणि हंगामाचा सण! ज्वारीची कणसे, कापसाची बोंडे, भोपळे, कोंबडी, अंडी, जे ज्याच्या घरी निघाले ते देवापुढे आणायचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. एखादे अंडे एकाने घ्यावे, परत द्यावे, पुन्हा दुसऱ्याने घ्यावे, असे हशात चार वेळा विकले जाते. पैशाने गरीब असलेली मंडळी अशी आपल्या पाळकाचा आणि दिवाबत्तीचा खर्च भागवते. या सणात पोळ्याचा आणि नवान्नाचा वास आहे, हे सांगायला नकोच.

स्वातंत्र्यानंतर खरी परीक्षा आली. वऱ्हाड तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते. १९५४ साली त्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा यांच्या आधाराने धर्मांतरे होतात असा तिचा आक्षेप होता. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकांगी आहे असे म्हटले. तो वाद मी येथे उकरून काढीत नाही. पण त्या अहवालात एक सूचना अशी होती की, हिंदी ख्रिस्ती लोकांनी परदेशी मदतीवाचून चालणारी आपली एकत्र, स्वतंत्र मंडळी उभारावी. टिळकांनी १९१७ साली जे स्वतःपुरते करून पाहिले, त्याच दिशेला टीकाकारानेही बोट दाखवले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याही आधी, १९३६ पासून, आपल्या शेजारीच वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजी राहत होते. तुकडोजी महाराजही त्या वर्षी तेथे त्यांच्या सहवासात राहून आले. भेटायला येणाऱ्या मिशनऱ्यांना गांधीजी गुलाबाचा दाखला देत. त्याला आपल्या सुगंधाचे प्रवचन करावे लागत नाही, अशा अर्थाचे ते बोलत. यावर ख्रिस्ती माणसाचे उत्तर असे की, जे चांगले वाटले ते सांगितल्यावाचून माणसाला राहवत नाही. घटनेच्या २५व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिलेला आहे. आणि त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. कायद्याची रेषा तेथे आहे. पण बोलणारा लोभ दाखवतो आहे की मन मोकळे करतो आहे, हे ओळखायला ऐकणाऱ्याला न्यायालय लागत नाही. ते त्याला शेजाऱ्याच्या वागण्यावरून कळते.

परदेशी मिशनरी हळूहळू गेले. मंडळ्या राहिल्या. यवतमाळला १९५३ साली पाळक घडवणारे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाले. तेथे निरनिराळ्या पंथांचे विद्यार्थी एका पंगतीत जेवू लागले. १९८३ साली ते पुण्याला गेले. १९२९ पासून चाललेल्या बोलण्यांना फळ येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अलायन्स आणि फ्री मेथडिस्ट त्यात नाहीत. तरी अकोल्याची मुलगी यवतमाळला सून म्हणून जाते, नाताळात एकमेकांची गाणी गायली जातात, आणि तालुक्याने केलेली वाटणी सोयरिकीने पुसत चालली आहे.

एक दुःख मात्र उरले आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या आजही नाहीत. गावात त्याची जात कोणी विसरत नाही आणि कागदावर ती कोणी लिहीत नाही. अशा माणसाला जवळचे वाटेल असे घर म्हणून मंडळीच उरते. ती त्याला बरोबरीने वागवते की नाही, यावरच तिच्या सगळ्या सुवार्तेचे मोल ठरते.

वऱ्हाडाने या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ उपदेश ऐकले, निरनिराळ्या धर्मांचे आणि निरनिराळ्या पक्षांचे. भाषणे विसरली गेली. ध्यानात राहिले ते चुलीपाशी येऊन बसणारी बाई, कामगाराच्या हातातले पत्र, हंगामाच्या सणातले ते चारदा विकलेले अंडे, आणि सर्व हातांतून फिरलेला एक प्याला. मोझरीच्या प्रार्थनेची रांग असो वा अकोल्याच्या देवळातला बाक असो, शेजारी कोणाला बसू दिले, एवढेच शेवटी विचारले जाते.